परफॉर्मन्ससाठी शिवताना: काख, आसन आणि मुद्दाम फाटणारी शिवण

नाटकातला कपडा पहिल्या रांगेतूनही लांबूनच दिसतो. गॅलरीतल्या परफॉर्मन्समध्ये प्रेक्षक हातभर अंतरावर असतो आणि कलाकार रांगतो, लोळतो, तासभर उकिडवा बसतो. त्यामुळे मापं उभ्याने घेऊन भागत नाही. पाठीची रुंदी दोन्ही हात पुढे ताणून घ्यायची. कपडा एकसंध असेल तर मानेपासून आसनापर्यंतचं (दोन पायांमधल्या जोडापर्यंतचं) माप पूर्ण वाकवून.

हात मोकळा राहावा म्हणून बरेच जण मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खोल करतात. होतं उलटंच: हात वर गेला की अख्खा कपडा पोटावर चढतो. मुंढा काखेलगत ठेवा आणि खाली ४ इंची चौकोनी तुकडा जोडा. आसनात सलवारीसारखी मियानी (दोन पायांमध्ये जोडायचा तुकडा) हवीच, दुहेरी शिवणीची.

खरी गंमत फाडायच्या कपड्यात आहे. जपानी कलाकार योको ओनोच्या १९६४ सालच्या ‘कट पीस’मध्ये प्रेक्षक कात्रीने कपडे कापत, तिथे कात्री धारदार असली की झालं. हाताने फाडायचं तर कापड निवडावं लागतं. मांजरपाटासारखं साध्या विणीचं सुती कापड धाग्यात सरळ फाटतं, होजिअरी, म्हणजे बनियनचं कापड, नुसती ताणली जाते. काठ आधी कापून टाका, कारण तिथले धागे दाट असतात. जिथून फाडायचं तिथे दुमड नको. तीन पदरी दुमडीवर जोर लावूनही हात अडतो. अर्ध्या इंचाची चीर देऊन ठेवा. फाट उरेब, म्हणजे तिरकी, जायला हवी असेल तर ती फाडून मिळणार नाही, शिवूनच ठेवावी लागेल.

त्यासाठी गोणीच्या तोंडाला घालतात ती एकधागी साखळी शिवण. शिवण जिथे संपते त्या टोकाचा दोरा ओढला की सरसर उसवते. सुरुवातीच्या टोकाकडून ओढाल तर अडकते, म्हणून शेवटचं टोक कलाकाराच्या हाताशी यायला हवं. ते शेवटच्या फासातून ओवून ठेवा आणि प्रयोगाच्या अगदी आधी सोडवा, नाहीतर चालता चालताच बाही गळून पडेल. मशीन नसेल तर आरीवाल्याकडून (आकड्याच्या सुईने भरतकाम करणाऱ्याकडून) घालून घ्या, त्याची साखळीही अशीच उसवते. दोरा गुळगुळीत पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा खरखरीत, तो मध्येच अडकला की शिवण अर्धवट राहते.

वेलक्रो शांत दालनात टाळा, त्याचा खर्रकन आवाज सगळ्यांचं लक्ष वेधतो. त्यापेक्षा प्रेस बटणं किंवा नाडी बरी. अस्तराला सॅटिन नको. मुंबईच्या दमटपणात ते अंगाला चिकटतं.

प्रत्येक तालमीत एक संच फाटणार, हे धरूनच कापड घ्या. सगळे संच एकाच ठाणातून, कारण दुसऱ्या ठाणाची वीण वेगळी निघाली की फाटही वेगळी जाते. बेतण्याआधी सगळं कापड रात्रभर भिजवून वाळवा, मांजरपाट चांगलंच आटतं. आणि मुंबईतलं कापडाचं मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं.