तुम्ही विचारलंत म्हणून: घर उचलून दुसरीकडे का नेत नाही?

गणपतीच्या जेवणात, मुंजीत, भारतातून आलेल्या फोनवर, सगळीकडे तेच. "मोबाइल होम ना तुझं? भाडं परवडत नाही तर उचल आणि ने." वर एखादे काका असतातच: "अमेरिका आहे ती. सरकारकडे तक्रार कर."

काका, मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बांधून चाकांवर आणलेलं घर, आणि ती चाकं आता नाहीत. होती तेव्हा १९७३ साली एकदाच हे घर इथं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत आलं. आता त्याला ओटा आहे, पत्र्याची शेड आहे, कढीपत्ता आहे. हलवण्याचा खर्च मी एकदा विचारला होता. आकडा ऐकून फोन ठेवला आणि चहा टाकला. ज्या तीन पार्कांत, म्हणजे अशा घरांच्या वसाहतींत, चौकशी केली, तिथे इतकं जुनं घर नको म्हणाले. फेडरल बांधकाम नियम जून १९७६ मध्ये लागू झाले, माझं त्याआधीचं. घर माझं, खालची जमीन पार्कमालकाची, भाडं त्या जमिनीचं, एवढीच गंमत आहे.

आणि सरकार आहे की! राज्याचं गृहनिर्माण खातं वायरी, गॅसची लाइन, सांडपाणी तपासतं. एकदा पायऱ्यांना कठडा नाही म्हणून मलाच नोटीस चिकटवून गेले. भाडं किती वाढावं हे मात्र ते खातं ठरवत नाही. ते शहरावर, आणि कित्येक शहरांत तसा नियमच नाही. सॅन होजेत आहे: वर्षाला महागाईदराच्या पाऊणपट वाढ, ३ टक्क्यांहून कमी नाही, ७ हून जास्त नाही.

मग रडतेस कशाला? कारण त्या नियमातून मी स्वतःच्या हाताने सही करून बाहेर पडले. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

२०१६ च्या मार्चमध्ये पार्कच्या मॅनेजरबाई भाड्याचा दहा वर्षांचा करार घेऊन आल्या. गोड बोलणं, सोबत लिंबाचा केक. "दरवर्षी सरळ ५ टक्के, कटकट नको." मी हिशेब केला: शहर ७ पर्यंत वाढवू देतं, ही बाई ५ म्हणते. दोन टक्के वाचले! बँकेत नोकरी केलेली मी. पण ७ ही कमाल आहे, महागाई कमी असली की वाढ ३ वर थांबते, हे डोक्यात आलंच नाही. करारातला पहिलाच परिच्छेद ठळक अक्षरांत सांगत होता की या कराराला शहराचा भाडेनियम लागू नाही. तो मी वाचला होता. वाचला, आणि वाटलं, असतं असं प्रत्येक कागदावर.

विचाराला तीस दिवस होते, चौथ्या दिवशी सही केली. सहीनंतर बहात्तर तासांत लेखी कळवलं असतं तर करार रद्द झाला असता. पाचव्या दिवशी समोरची व्हिएतनामी आजी म्हणाली, "तू नाही ना केलीस?" तेव्हाही वेळ होता. ह्यांना म्हटलं, पत्र टाकूया का? हे म्हणाले, तुझा निर्णय. मी लाजेने गप्प बसले. मॅनेजरबाईंना काय वाटेल! बहात्तर तास केकची ताटली परत करायची की धुऊन ठेवायची यात गेले.

भाडं तेव्हा ९०० डॉलर होतं, २०२४ ला १,३३० झालं. आजी महिन्याला दीडशेने कमी भरते.

"फसवलं" म्हणू का? नियमाने सांगायला लावलं ते सगळं त्यांनी छापलं होतं. मुदत दिली होती. मग चूक माझी? तेही पटत नाही. मुळात भाडेनियमातून बाहेर पडायचं दार त्याच राज्याने ठेवलं कशाला? शेवटी २०२० साली विधिमंडळाने ते बंद केलं. जुन्या करारांची सूट १ जानेवारी २०२५ ला संपली.

म्हणजे आता मीही नियमात आहे. पुढची वाढ धरायची ती मात्र चढलेल्या भाड्यावरच. ऑफिसात विचारलं, मागचं काही कमी होईल का? नवा मॅनेजर फार सभ्य. म्हणाला, तुम्हाला हवं तर घर विकता येईल.