बोटांना माहितीये, मला नाही

परवा घाईत फोन घरीच राहिला, आणि ऑफिसात गेल्यावर नेमका एका कामाला ओटीपी हवा होता. बायकोचा नंबर पाठ नाही (हे तिला सांगू नका), म्हणून शेजारच्याच्या मोबाइलवरनं माझ्याच नंबरला लावला. तिने उचलला आणि म्हणाली, पॅटर्न सांग. आता दिवसातनं पन्नास वेळा काढतो मी तो पॅटर्न, पण सांगता येईना! वरून खाली... नाही थांब, आधी आडवं. शेवटी टेबलावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत बघत तिला सांगितलं. शेजारचा हसून बेजार.

बरं, ओटीपी आला, तिने सहा आकडे वाचले, मी पुटपुटत खुर्चीकडे निघालो तेवढ्यात कोणीतरी विचारलं चहा घेणार का. झालं, आकडे गायब.

तेव्हा हेन्री मोलेसन आठवला. अमेरिकेतला माणूस, फिट्सचा भयंकर त्रास, म्हणून 1953 मध्ये 27व्या वर्षी त्याचं ऑपरेशन केलं आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, बराचसा तुकडा काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन काही लक्षातच राहीना. लहानपणीचं आठवायचं, बोलणं व्यवस्थित, बुद्धी शाबूत, पण आत्ता भेटलेला माणूस जरा बाहेर जाऊन आला की परत अनोळखी. ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या. एकदा त्यांनी त्याला 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला तर पठ्ठ्याने मनात बेरजा-बिरजा करत पंधरा मिनिटं धरून ठेवला, आणि लक्ष दुसरीकडे गेल्यावर आकडा तर गेलाच, आकडा दिला होता हेही गेलं. म्हणजे माझं चहावालंच, फक्त मला निदान ओटीपी आला होता एवढं तरी आठवत होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. मिल्नरबाईंनी त्याला फक्त आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. करून बघा एकदा, हात भलतीकडेच जातो. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालायला लागला, आणि दर वेळी त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय! हाताचं शिकणं मेंदूत वेगळ्या वाटेने होतं, त्याला हिप्पोकॅम्पस लागतोच असं नाही. मी इतकी वर्षं डोक्यात एकच कपाट आहे असं धरून चाललो होतो, आणि लक्षात नाही राहिलं तर लक्ष नव्हतं तुझं म्हणून पोरांवर डाफरत होतो.

2008 मध्ये हेन्री गेला. तोपर्यंत सगळीकडे त्याला नुसतं एच. एम. म्हणायचे.

आणि हो, एवढं सगळं पॅटर्न मोठ्याने सांगून झाल्यावर तो बदलणं आलंच. बदलला. नवीन मला तोंडपाठ आहे, झोपेत विचारा सांगतो, पण बोट अजून जुनाच काढतंय, आज सकाळी परत तीस सेकंद लॉक.