इन्यो काउंटीतल्या पाट्या वाचत वाचत

अण्णा गावाकडून तीन महिन्यांसाठी इकडे आलेत आणि लॉस एंजेलिसच्या मॉलमध्ये, बीचवर त्यांना काही करमेना, म्हणून मागच्या वीकेंडला त्यांना गाडीत घातलं आणि ३९५ नंबरच्या हायवेनं सरळ उत्तरेला निघालो. माउंट व्हिटनी लांबून दाखवायचा, कुठंतरी जेवायचं आणि रात्रीपर्यंत परत यायचं, एवढंच डोक्यात होतं. पण अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तर होते, कुठं कोनशिला दिसू दे, वीरगळ दिसू दे, थांबून पूर्ण वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही ही त्यांची जुनी सवय. इकडे रस्त्याच्या कडेला ऐतिहासिक जागांच्या पाट्या असतात, कॅलिफोर्निया सरकारनं त्यांना नंबर दिलेत. पहिली पाटी दिसली आणि अण्णा म्हणाले, "थांब रे, काय लिहिलंय बघू." मी वाचून मराठीत सांगायचं, त्यांनी वहीत लिहून घ्यायचं, असा सगळा दिवस गेला.

आम्ही गेलो ती इन्यो काउंटी, काउंटी म्हणजे इकडचा जिल्हाच, आकारानं कॅलिफोर्नियात दोन नंबरची, पण माणसं सगळी मिळून १९ हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारपेठेच्या गावाएवढी. एका बाजूला व्हिटनीचं १४,५०५ फुटांचं शिखर आणि दुसऱ्या बाजूला डेथ व्हॅलीतली समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली असलेली जमीन, दोन्ही ह्याच काउंटीत.

ती पहिली पाटी होती ५३७ नंबरची, कॉटनवुडच्या कोळसा भट्ट्या. हायवे सोडून थोडं कच्च्या रस्त्यानं आत जायचं. मधमाशांच्या पोळ्यासारख्या गोल, कच्च्या विटांच्या दोन भट्ट्या, पावसा-वाऱ्यानं खाऊन अर्ध्या झालेल्या, भोवती कुंपण. १८७३ मध्ये शर्मन स्टीव्हन्स नावाच्या माणसानं वर डोंगरात लाकडाची गिरणी टाकली, लाकूड पाण्याच्या पन्हळीतून खाली आणायचं, काही खाणींच्या आधाराला वापरायचं, बाकीच्याचा इथं कोळसा पाडायचा आणि तो आगबोटीत भरून तलावाच्या पलीकडे न्यायचा, तिथून गाड्यांनी सेरो गोर्डोच्या चांदी-शिशाच्या खाणीवर. बोटीचं नाव बेसी ब्रेडी. हे सांगितल्यावर अण्णांनी मान वर करून बघितलं आणि विचारलं, "तलाव कुठाय?"

तलाव नाहीये. समोर पांढरंफटक मैदान आहे, मैलोन् मैल, आणि मधे मधे लॉस एंजेलिस शहरानं धूळ दाबायला पाणी सोडलेले चौकोन. ओवेन्स लेक. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसनं इथली नदी २३३ मैल लांबीच्या कालव्यातून शहराकडे वळवली, पाणी पहिल्यांदा तिकडे पोचलं तेव्हा मुख्य इंजिनिअर मलहोलँड लोकांना म्हणाला, "हे आलं, घ्या." त्यानंतर पंधरा वर्षांच्या आतच तलाव कोरडा. पुढं कित्येक वर्षं अख्ख्या देशात सगळ्यात जास्त धूळ उडायची ती ह्या तळावरून. मी सतरा वर्षं ह्या शहरात राहतो, रोज नळ सोडतो, आणि त्यातलं काही पाणी इथून येतं हे मला माहीत होतं, पण त्या भट्टीपाशी उभं राहून कोरडा तळ बघणं वेगळं, खरंच वेगळं. अण्णा बराच वेळ बोललेच नाहीत. आमची मावशी धरणग्रस्त, उजनीत तिच्या सासरची जमीन गेली.

लोन पाइनमध्ये जेवलो. गावाच्या पुढं चार-पाच मैलांवर अलाबामा गेट्स आहेत, कालव्याचे दरवाजे. नोव्हेंबर १९२४ मध्ये खोऱ्यातल्या लोकांनी येऊन हे दरवाजे ताब्यात घेतले आणि कालव्याचं पाणी परत नदीच्या बाजूला सोडून दिलं, चार दिवस ठाण मांडून बसले होते, बायका-पोरं, स्वयंपाक, गाणीबजावणी, सगळं तिथंच. पाणी काही परत मिळालं नाही. पण त्यांच्याही आधी हे पाणी इथल्या मूळनिवासी पायूट लोकांचं होतं. त्यांच्या भाषेत ह्या खोऱ्याचं नाव पायाहूनादू, म्हणजे पाणी वाहतं ती जागा, आणि ते पाट काढून जमीन भिजवायचे. १८६३ मध्ये सैनिकांनी त्यातल्या नऊशेच्या वर लोकांना इथून हाकलत फोर्ट तेहोनच्या लष्करी ठाण्यावर नेलं. पुढं इंडिपेंडन्स गावापाशी त्या सैनिकांच्या इथल्या छावणीची पाटी आहे, नंबर ३४९. त्या पाटीसमोर आम्ही पाचच मिनिटं थांबलो, कारण जास्तीत जास्त वेळ आधी मान्झनारला गेला होता.

मान्झनार म्हणजे स्पॅनिशमध्ये सफरचंदाची बाग. १९१० च्या सुमारास इथं फळबागांचं गाव वसलं, लॉस एंजेलिस शहरानं जमिनी आणि पाणी विकत घेतल्यावर ते ओसाड पडलं, आणि त्याच ओसाड जागेवर मार्च १९४२ पासून जपानी वंशाच्या लोकांना आणून ठेवलं. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ नंबरचा आदेश काढला आणि सुमारे १ लाख २० हजार लोक घरंदारं सोडून दहा छावण्यांत गेले, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. इथं साधारण एका चौरस मैलात दहा हजार माणसं, भोवती काटेरी तार, आठ टेहळणी बुरूज.

पुन्हा बांधलेल्या एका बराकीत आम्ही आत गेलो. वीस बाय पंचवीस फुटांची खोली, तिच्यात आठ जण. लाकडी फळ्यांच्या फटीतून वारा शिरत होता, सप्टेंबरातली दुपार, आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर बोट फिरवलं तर बोटाला बारीक धूळ. संडासांना मधे आडोसा नव्हता, हे वाचून अण्णांनी वही मिटली. मी पुढं सांगत राहिलो की ह्याच लोकांनी बराकींच्या मधे तळी खणली, दगड रचून बागा केल्या, पूल बांधले. त्यातल्या काही बागा आता पुन्हा माती काढून मोकळ्या केल्यात आणि जुन्या गावाची काही नासपतीची झाडंही अजून उभी आहेत.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती दारावरच्या दगडी चौकीपाशी लावलेली पाटी, नंबर ८५०. १९७३ मध्ये बसवली. त्यावर 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' हे शब्द आहेत आणि ते शब्द राहावेत म्हणून इथं कोंडलेल्या लोकांना सरकारशी बरंच भांडावं लागलं, सरकारला सौम्य शब्द हवे होते. ते हटले नाहीत. नंतर कुणीतरी येऊन त्या पाटीवर घाव घातले. अण्णांनी त्या खाचांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शब्द खरा असला की लोकांना टोचतोच." १९८८ मध्ये सरकारनं अधिकृत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले, ते झालं पाटीनंतर पंधरा वर्षांनी.

मागं स्मशानात पांढरा स्तंभ आहे, १९४३ मध्ये छावणीतल्याच लोकांनी उभारलेला, काळी जपानी अक्षरं, अर्थ साधारण 'आत्म्यांना शांती देणारा मनोरा'. पायथ्याशी लोकांनी कागदाचे करकोचे आणि नाणी ठेवलेली. अण्णांनी खिशातून एक रुपया काढला आणि ठेवला.

परत येताना लोन पाइनच्या अलीकडे ५०७ नंबरची पाटी दिसली, जाताना ती चुकली होती. २६ मार्च १८७२, पहाटे अडीचच्या सुमारास भूकंप. गावात अडीच-तीनशे माणसं, ५९ घरांतली ५२ पडली, २७ जण गेले. त्यातल्या १६ जणांना एकाच खड्ड्यात पुरलं, भोवती पांढरं कुंपण. घरं कच्च्या विटांची होती, माणसं झोपेत होती.

अण्णा कुंपणाला धरून उभे राहिले. किल्लारीच्या वेळी मी सात वर्षांचा होतो, आमचं गाव औशाकडे, आमची फक्त एक भिंत गेली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. दिवस उजाडल्यावर अण्णा सायकलवर तिकडे गेले ते चार दिवसांनी घरी आले आणि काय बघितलं ते आम्हाला कधीच सांगितलं नाही. तिथं त्या माळावर पहिल्यांदा बोलले. दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, माळवदावर दर पावसाळ्याआधी टाकलेली पांढरी माती, तिचा एवढा बोजा की चार माणसांना तुळई हलेना, आणि खालून आवाज येतोय. "विटा काय, दगड काय," म्हणाले, "मातीच पडली अंगावर."

त्यांनी वहीत तारीख आणि वेळ लिहिली, त्याच्याखाली ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६ असंही लिहिलं.

कुणी तिकडे जाणार असाल तर लोन पाइनमधून उत्तरेला निघाल्यावर साधारण एक मैलावर डाव्या हाताला लक्ष ठेवा. पाटी रस्त्यावरून दिसते, पण थडगं वर चढावर आहे, चालत जावं लागतं. आम्ही संध्याकाळी गेलो, दहा मिनिटांत अंधार झाला, तुम्ही सकाळीच जा.