तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या पार्टवर भरवसा कसा ठेवता?

माझ्याकडे जुनी येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे आणि तिच्यावरचे बरेच पार्ट मी स्वतः बनवून बसवलेत, हे कळलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो. "घरी केलेल्या पार्टवर भरवसा कसा ठेवता हो? घाटात तुटला तर?" पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नात विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. "तुटला तर?" हाच प्रश्न मी पट्टीला करवत लावायच्या आधी स्वतःला विचारतो, आणि पार्ट करायचा की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरवतो.

मुळात बनवायचे कशाला, तेही सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेक परवान्यावर जावा गाड्या बनायला लागल्या, पुढे तिथेच येझदी आली, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०२२ साली येझदी हे नाव बाजारात परत आलं, पण ती गाडी पूर्ण वेगळी. तिचा एकही नट आमच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीला उपयोगाचा नाही. म्हणजे हातात उरतं काय, तर कुणाच्या माळ्यावर पडलेला जुना माल, पुण्याच्या नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात नशिबाने सापडणारा एखादा डबा, नाहीतर मापाचा भरवसा नसलेली नक्कल. नकलेतही चांगला माल असतो, नाही असं नाही. पण ती घेतली तरी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं मोजायचं हत्यार, लावून तपासावीच लागते. तेवढं मोजायचंच असेल तर बरेचसे पार्ट आपणच करता येतात.

सगळ्यात समाधान देणारं काम चिमट्याच्या बुशचं. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, तो चिमटा फ्रेममध्ये एका पिनवर झुलतो आणि त्या पिनेभोवती बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, असतात. बुश झिजले की वळणावर गाडीचं मागचं अंग पुढच्याचं ऐकेनासं होतं. पुष्कळ जण टायरला दोष देतात, कुणी चाकाचं बेअरिंग बदलतात. खात्री करायची असेल तर गाडी सेंटर स्टँडवर लावा, चाकाला हात न लावता चिमटाच टोकाकडे धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. हाताला खट्-खट् लागलं तर झीज बुशमध्ये आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या टर्नरकडे, म्हणजे लेथवर धातू कातणाऱ्या कारागिराकडे, मी जातो, ते मिस्त्री नमुना बघून काम करत नाहीत. एकदा माझ्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा जुना बुश कागदात गुंडाळून घेऊन उभा होता. "असाच करून द्या मामा," म्हणाला. मिस्त्रींनी बुश बोटावर फिरवला आणि म्हणाले, "झिजल्यालं माप घेऊन आलाईस व्हय? मग मी बी झिजल्यालाच करून दिऊ? जा, चिमटा घेऊन ये. पिन बी आण."

या बोलण्यात घरच्या पार्टचं निम्मं शास्त्र आहे. जुना पार्ट तुम्हाला आकार दाखवतो. माप त्याच्याकडून घ्यायचं नसतं, कारण त्याचं माप वर्षानुवर्षं घासलं गेलेलं असतं. माप घ्यायचं ते जिथे घासणी झालेली नाही तिथे. पिन मोजायची तर बुशच्या बाहेर राहणाऱ्या तिच्या टोकाशी, आणि मग बुशच्या जागी पुन्हा मोजायची. दोन्हींत फरक आला तर आधी पिनच बदलायला हवी. चिमट्यातलं भोक दोन दिशांनी मोजायचं, उभं आणि आडवं. ते लंबगोल झालं असेल तर गोल बुश त्यात कधीच नीट बसणार नाही. आधी ते भोक लेथवर किंवा बोअरिंग मशीनवर गोल करून घ्यावं लागतं आणि त्या वाढलेल्या मापाला बुश करावा लागतो. बाजारातला तयार बुश इथेच हरतो. तो कारखान्यातल्या चिमट्याच्या मापाचा असतो आणि तुमच्या चिमट्याने मधल्या काळात बरंच सोसलेलं असतं.

बुश करायचा गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूचा, कारण तो पिनपेक्षा मऊ असतो. दोघांपैकी कुणीतरी झिजणारच, मग जे काढून बदलायला सोपं आणि स्वस्त आहे, त्याच्या वाट्याला झीज यावी. बाहेरचं माप भोकापेक्षा किंचित जास्त ठेवायचं, म्हणजे तो गच्च बसतो. आतलं माप मात्र लेथवर पूर्ण करायचं नाही. बुश दाबून बसवला की तो आतून आवळतो. म्हणून थोडा माल ठेवायचा, बुश बसवायचे आणि मग लांब रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) दोन्ही बुशमधून एकाच दमात फिरवायचा. दोन्ही भोकं एका रेषेत येतात आणि पिन हाताने सरकत जाते, पण हलत नाही. शतांश मिलिमीटरांतला हा खेळ आहे, आणि तो डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो. बसवताना हातोडा नको. एक लांब बोल्ट, दोन जाड वायसर, एक नट, आणि पान्याने हळूहळू आवळत जायचं. बुश सरळ आत जातो, त्याची कडही फाटत नाही. शेवटी आत ग्रीससाठी एक चर.

असा बुश निकामी होतो तेव्हा काय होतं? तो हळूहळू ढिला होतो आणि कित्येक महिने आधी हाताला सांगतो. म्हणून त्याच्यावर माझा भरवसा आहे.

कॅरिअरचं तसं नाही. कॅरिअर तुटतो तेव्हा सामान मागच्या चाकात जाऊ शकतं, म्हणून त्याचा विचार मी सर्वांत जास्त वेळ केला. पहिला मोह अॅल्युमिनियमचा होतो, हलकं आणि गंज नाही. पण एका सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी इंजिनाच्या दर फेरीला एक झटका देते, त्यामुळे मिनिटाला ५००० फेऱ्यांवर चालली तर मिनिटाला ५००० झटके देते, म्हणजे तासाला ३ लाख. लोखंडाचा एक मोठा गुण असा की ठराविक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा तडकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणसुद्धा पुरेशा वेळा मिळाला की ते कधीतरी तडकतं. म्हणून सतत थरथरणारं आणि वजन पेलणारं काही करायचं असेल तर मी साधं माइल्ड स्टीलच घेतो.

आणि भरीव गजाऐवजी पाइप. गज मजबूत वाटतो, पण त्याच्या मधल्या मालाचा वाकण्याविरुद्ध फारसा उपयोग नसतो, वजन मात्र पूर्ण लागतं. ते जास्तीचं वजनही प्रत्येक खड्ड्यात बोल्टांनाच ओढतं. पाइपची टोकं बंद केलीत तर खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवा. गगनबावड्याच्या पावसातून एकदा जाऊन आलं की पाइपमध्ये पाणी शिरतंच, आणि ते बाहेर पडायला वाट नसेल तर पाइप आतून कुजतो. वरचा रंग शेवटपर्यंत छान दिसत राहतो.

तडा वेल्डिंगमध्ये क्वचितच जातो. तो जातो वेल्डिंगच्या लगत, जिथे धातूने उष्णता खाल्लेली असते आणि आकारही एकदम बदलतो. त्यामुळे कोपऱ्यात नुसता जाड टाका मारून भागत नाही. एक छोटी त्रिकोणी पट्टी लावून ताण पसरवावा लागतो. आधार तीन दिशांनी असावा. दोन समांतर पट्ट्यांवरचा कॅरिअर आडवा डोलतो आणि तिसरी तिरकी पट्टी लावली की मुकाट होतो. गाडीवर फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे कच्चे टाके, मारून जागा पक्की करायची, तीही टाकी उतरवून आणि बॅटरीच्या वायरी सोडून. मग कॅरिअर काढायचा आणि पूर्ण वेल्डिंग खाली जमिनीवर करायचं. फ्रेमला वेल्डिंग कधीही नाही. मूळ भोकं आणि मूळ बोल्ट जिथे आहेत तिथूनच आधार घ्यायचा, म्हणजे उद्या कॅरिअर काढला तर गाडी होती तशी राहते.

माझा कॅरिअर काळा नाही, फिकट राखाडी आहे. लोकांना तो विजोड दिसतो. पण फिकट रंगावर केसाएवढा तडा गेला तरी गंजाची तांबूस रेघ उमटते आणि गाडी पुसताना दिसते. काळ्या रंगात ती दडून राहते. कॅरिअरने तुटण्याआधी सांगावं, म्हणून तो रंग आहे.

पॅकिंगबद्दल, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये सांधा बंद करायला घालतात त्या कागदाबद्दल, थोडक्यात. घरी करण्यासारखं ते पहिलं काम, आणि जुन्या मिस्त्रींची पद्धत अजूनही उत्तम आहे. पॅकिंगचा कागद कव्हरवर धरायचा आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत जायचं, कागद आपोआप कडेवर कापला जातो. मात्र टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, हाच हवा-पेट्रोल ओढणारा पंप असतो. तिथून हवा शिरली तर मिश्रण विरळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरू, म्हणजे अडकून बसू, शकतो. सिलिंडरखालच्या पॅकिंगची जाडी बदलली तर सिलिंडर वर-खाली होतो आणि पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधली वायू आत-बाहेर जायची भोकं, उघडण्या-मिटण्याची वेळही बदलते. म्हणून कागद मूळ जाडीचाच हवा, हाताला लागला तो नव्हे.

आता जे मी करत नाही ते. ब्रेकचं काहीही नाही, म्हणजे रॉड नाही, लिव्हर नाही, कॅम नाही. एक्सल नाही, हँडल आणि फोर्क जोडणारी टी नाही, फोर्कमधलं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमधलं, काही नाही. माझ्या हाताला ते जमणार नाही असं नाही. एक्सल लेथवर तासाभरात होतो, दिसायला मूळ एक्सलसारखाच. पण त्या पोलादाची जात कोणती, त्याला पाणी नीट दिलं होतं का (तापवून, थंड करून कडक केलं होतं का), वायसरच्या कडेशी कोपरा किती तीक्ष्ण राहिला, हे बघून कळत नाही, आणि एक्सल तुटतो तेव्हा आधी काही सांगत नाही. हे पार्ट मी चांगला जुना मूळ माल शोधून, तपासून घेतो, आणि मिळत नसेल तर मिळेपर्यंत गाडी उभी ठेवतो. गाडी महिना-दोन महिने उभी राहिल्याचं दुःख मला मनापासून होतं, तरीही.

सायलेन्सरबद्दल तरुण मुलं फार विचारतात, आणि त्यांना मी कळकळीने सांगतो. येझदीला एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर आवाज तर दाबतोच, शिवाय त्यातून परत येणारी दाबाची लाट ताजं मिश्रण सिलिंडरबाहेर पळू देत नाही. आतली जाळी काढून किंवा पाइप कापून आवाज वाढतो आणि ओढ जाते, मग ती भरून काढायला पोरं कार्ब्युरेटरशी खेळत बसतात. आणि कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. झिजलेल्या बुशच्या जागी तसाच बुश घालणं वेगळं आणि गाडीची ओळखच बदलणं वेगळं.

पार्ट कितीही चांगला झाला तरी बसवण्यात वाया जाऊ शकतो. बोल्ट आवळून वाकडा पार्ट सरळ करायचा नाही. पार्ट हाताने जागेवर बसला पाहिजे आणि सगळे बोल्ट बोटांनी आत गेले पाहिजेत, त्यानंतर पाना. एखादं भोक जुळत नसेल तर पार्ट काढा आणि कानस घ्या. जबरदस्तीने आवळलेला पार्ट पहिल्या दिवसापासून ताणात असतो, त्यात थरथर मिळाली की तडा ठरलेला. बोल्ट आवळल्यावर नट आणि पार्ट यांच्यावरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळं पुन्हा तपासायचं, कारण नवा रंग आणि नवी वायसर दबतात आणि आवळलेला नट आपोआप सैल पडतो.

"मग मी सुरुवात कशाने करू?" हा प्रश्नही यापाठोपाठ येतोच. एक चांगला व्हर्नियर घ्या, एक सपाट आणि एक अर्धगोल कानस, ६ आणि ८ मिलिमीटरचे टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), आणि त्यांची योग्य ड्रिल. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याला ६.८ चं भोक लागतं, ६ च्या आट्याला ५ चं. लहान भोकात टॅप घुसवाल तर टॅप आतच मोडेल, मोठ्यात घुसवाल तर आटे नुसते ओरखडे राहतील. पहिला पार्ट बॅटरीची पट्टी किंवा नंबर प्लेटचा ब्रॅकेट घ्या. आधी पुठ्ठ्याचा करा, गाडीवर धरून बघा, हँडल पूर्ण फिरवा, मागे कुणाला बसवून शॉकअप दाबून बघा, काही घासत नाही ना. मग तोच पुठ्ठा पत्र्यावर ठेवून आखा. वाकवताना आतला गोलवा निदान पत्र्याच्या जाडीइतका ठेवा, आणि कापलेल्या सगळ्या कडा कानशीने इतक्या गुळगुळीत करा की कापूस फिरवला तर अडकणार नाही. त्याच ओरखड्यांतून तडे सुरू होतात.