'के' अक्षराची मस्टँग

जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: '१९६५ मस्टँग, के कोड, ओरिजिनल'. किंमत बघून मी फोन खाली ठेवला. पाच मिनिटांनी परत उचलला.

हे 'के' प्रकरण असं आहे. त्या वर्षी फोर्डच्या मस्टँग गाडीत २८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन वेगवेगळ्या ताकदीचं मिळायचं. 'सी' २०० हॉर्सपॉवरचं, 'ए' २२५ चं, आणि 'के' म्हणजे २७१ चं हाय परफॉर्मन्स. अमेरिकेतल्या लोकांच्या तोंडी 'हायपो'. गाडीच्या नंबरात, म्हणजे कारखान्याने दिलेल्या चासी नंबरात, पाचव्या जागी ते अक्षर असतं. त्या एका अक्षरापायी किंमत कुठल्या कुठे जाते, त्यामुळे खोटे 'के'ही रग्गड. फोर्डच्या १९६७ मॉडेलपासून पुढच्या गाड्यांची कारखान्यातली नोंद पैसे भरून मागवता येते. १९६५ च्या गाडीला ती सोय नाही, म्हणजे जे काय विचारायचं ते गाडीलाच.

मी पुण्याहून मिशिगनला आलो त्याला अकरा वर्षं झाली. पोटापाण्याचं काम डिझेल इंजिनचं, जुन्या पेट्रोल व्ही-८ मध्ये मी बिगारीतलाच. शेजारी एक निवृत्त मेकॅनिक आजोबा राहतात. ते म्हणाले, "झाकण उघडून चमकणारं काहीही बघू नकोस, ते सगळं विकत मिळतं. आधी कान लाव. आणि जाताना सॉकेट पान्यांचा सेट घेऊन जा."

शनिवारी शेजारच्या ओहायो राज्यात टोलेडोला पोचलो. गाडी देखणी होती, प्रश्नच नाही. मडगार्डवर 'हाय परफॉर्मन्स'चा बिल्ला, व्हॉल्व्हच्या झाकणांना क्रोम, दाराच्या कडेला पाटी आणि पाटीवर स्पष्ट 'के'. मालकाने इंजिन चालू केलं आणि मी डोळे मिटले.

आवाज भारदस्त होता. पण गुळगुळीत. हायपोमध्ये सॉलिड टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भरीव दट्टे, असतात. हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबाने फट भरून काढतात, म्हणून शांत चालतात. सॉलिड टॅपेटना फट ठेवावीच लागते, आणि ती फट सतत वाजते. आपल्याकडे गाडीचे टॅपेट वाजायला लागले की गॅरेजवाला तोंड वाकडं करतो. इथे मी ते वाजावेत म्हणून कान टवकारून उभा होतो, आणि शिलाई मशीनसारखी ती टिकटिक काही येईना.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग. हायपोला दोन कॉन्टॅक्ट पॉइंट असतात आणि व्हॅक्युमची डबी नसते. इथे डबी होती, तिच्यातून निघालेली रबरी नळीसुद्धा. इंजिनची थरथर शोषणारी पुढची चकती, म्हणजे डॅम्पर, तोही बारीकच. हायपोचा चांगला जाड असतो.

तरी मनात होतं, इंजिन मागे कुणी बदललं असेल, गाडी खरी असेल. म्हणून पुठ्ठा अंथरून मागच्या एक्सलखाली शिरलो. 'के' गाडीला ९ इंची डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) यायचं, बाकीच्या व्ही-८ ना ८ इंची. ओळखायची युक्ती गमतीदार आहे: ९ इंचीच्या खालच्या दोन नटांवर सॉकेट बसत नाही, रिंग पाना लागतो. माझं सॉकेट दहाच्या दहा नटांवर सुखाने बसलं. इतकं नीट बसलेलं सॉकेट बघून एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं!

आता नंबर. दाराची पाटी रिव्हेटची, नवीन करून मिळते. खरा नंबर बॉनेटखाली डाव्या बाजूला आतल्या पत्र्यात ठोकलेला असतो, मडगार्डच्या कडेच्या खाचेतून दिसतो. तिथे रंगाचा जाड थर होता. मालकाची परवानगी घेऊन थिनरच्या फडक्याने घासला, टॉर्च तिरका धरला. ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छताची), आणि मग 'ए'.

मालक वाकून बघत राहिला. "मला पण 'के' म्हणूनच विकली होती," म्हणाला. खरं असेलही. मी मालकीचा कागद मागितला, तर तो बायकोच्या कपाटात, आणि बायको फ्लोरिडात. पाटीवर एक नंबर, पत्र्यावर दुसरा, अशी गाडी नावावर करायला गेलो तर नसती कटकट गळ्यात पडायची. चहा, म्हणजे कॉफी, घेतली आणि निघालो.

आजोबांना फोन केला तर ते आधी हसले, मग विचारलं, "सॉकेट सगळे परत आणलेस ना?" एक तिथेच पुठ्ठ्यावर राहिलं होतं.

पुढच्या रविवारी फ्लिंटजवळ एक बघायला जायचंय. 'सी' आहे, आणि विकणाऱ्याने ते फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं.