सोमवारी ऑपरेशन

आज ऑपरेशनआधीच्या सगळ्या तपासण्या उरकल्या. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात, उरते केळ्याएवढी नळी. भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून सध्या प्रोटीन शेक, ताक, डाळीचं पाणी. आणि सासूबाईंनी नेमक्या याच आठवड्यात पुरणपोळ्या केल्या!

भुलीची भीती नाही वाटत. पण संमतीपत्रावर 'स्टेपल केलेल्या जागेतून गळती होऊ शकते' हे वाचलं आणि पोटात गोळा आला. सही करताना हात थरथरला. बी-१२, लोह, कॅल्शियम आता जन्मभर.

"शॉर्टकट मारतेयस" म्हणणाऱ्या आत्याबाईंना माझे गुडघे देऊन तीन मजले चढायला लावले पाहिजेत.

फार मोठं काही मागत नाहीये. इन्सुलिन कमी व्हावं. एसटीत शेजारच्याने अंग चोरून बसू नये. लेकीबरोबर सिंहगड, निदान अर्धा तरी.

फोन नको, मेसेज चालेल. आणि कृपा करून कुणी डबा आणू नका!