ठाण्याच्या घरात तो तीन रात्री एकटा राहिला

इंग्लंडमधल्या शाळांना जुलैच्या अखेरीस सुट्टी लागली की आम्ही तिघे लीड्सहून ठाण्याला येतो आणि नौपाड्यातल्या सासरच्या घरात पाच-सहा आठवडे राहतो. गेल्या उन्हाळ्यात त्या मुक्कामातले चार दिवस मी आणि माझे यजमान अलिबागजवळ जाऊन राहिलो, आणि आमचा अठरा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा ठाण्याच्या घरी एकटा राहिला. ही गोष्ट नातेवाइकांत, सोसायटीत आणि पुढे माहेरच्या मंडळींतही बरीच चर्चिली गेली. कोणी काळजीने विचारले, कोणी रागाने. फोनवर प्रत्येकाला तुटक उत्तरे देण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहावे असे वाटले, म्हणून आज लीड्सला परतल्यावर लिहायला बसले आहे.

आधी एका शब्दाविषयी. मराठीत ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द रुळलेला आहे आणि मीही तो वापरते, पण माझा मुलगा स्वतःत मग्न आहे असे मला कधीच वाटलेले नाही. त्याला बाहेरचे जग इतरांपेक्षा जास्त ऐकू येते. दुपारी बाराच्या सुमारास आमच्या इमारतीत चार-पाच घरांत एकामागून एक कुकरच्या शिट्ट्या होतात, तेव्हा तो कानांवर हेडफोन चढवून आतल्या खोलीत जातो. तो बोलतो, वाचतो, मराठीही छान लिहितो, परंतु ताण आला की त्याची वाचा बंद होते आणि फोनवर बोलणे तर त्याला एरवीही जमत नाही. भूक लागल्याचे त्याला फार उशिरा कळते, कधीकधी डोके दुखू लागल्यावरच.

हे सारे माहीत असून तुम्ही गेलातच कसे, हा प्रश्न रास्त आहे. आम्ही तीन वर्षे तयारी केली, हे त्याचे उत्तर.

इंग्लंडमध्ये मुलाला कितव्या वर्षी घरी एकटे ठेवावे याचे वय कायद्याने ठरवलेले नाही. मात्र एकटे ठेवल्यामुळे मुलाला धोका निर्माण झाला, तर तो गुन्हा ठरतो. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणारी एनएसपीसीसी ही तिथली जुनी संस्था सांगते की बारा वर्षांखालील मुलांना फार वेळ एकटे ठेवू नये आणि सोळा वर्षांखालील मुलांना रात्रभर तर ठेवूच नये. सोळाव्या वर्षापासून २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट लागू होतो. त्याचे पहिलेच तत्त्व असे की, एखाद्याला निर्णय घेता येत नाही असे सिद्ध होईपर्यंत तो घेता येतो असेच धरून चालायचे. आणि एखाद्याचा निर्णय इतरांना शहाणपणाचा वाटला नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरवायचे नाही. शाळेत माझ्या मुलासाठी जो शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा आराखडा असतो, त्याच्या बैठकांत तेराव्या-चौदाव्या वर्षापासून मोठेपणाच्या तयारीविषयी बोलावेच लागते. अशाच एका बैठकीत शिक्षिकेने त्यालाच विचारले, की तुला घरी एकट्याने राहायला आवडेल का. तो क्षणाचाही वेळ न घेता म्हणाला, “हो, खूप.” मी त्याची आई असून हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता, आणि त्याची खंत मला अजून आहे.

पंधराव्या वर्षी आम्ही अर्ध्या तासापासून सुरुवात केली. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येत असे. पुढच्या वर्षी पूर्ण दुपार. सतराव्या वर्षी पहिली रात्र आली. आम्ही गाडीने वीस मिनिटांवर एका साध्या लॉजमध्ये राहिलो, आणि नेमक्या त्याच रात्री दोनच्या सुमारास घरातल्या धुराच्या अलार्मची बॅटरी उतरली. असा अलार्म दर मिनिटाला एक तीक्ष्ण टिक् असा आवाज करत राहतो. आमच्या सूचनांच्या कागदावर आग लागली तर काय करायचे ते होते, पाणी गळले तर काय करायचे ते होते, पण बॅटरी उतरली तर काय करायचे ते नव्हते. तो अंगावर रजई घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसला आणि पहाटेपर्यंत तिथेच राहिला. आम्हाला त्याने काहीच कळवले नाही, कारण काय कळवायचे याचे शब्द त्याला त्या वेळी सापडले नाहीत.

त्या रात्रीने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. सूचनांचा कागद कितीही वाढवला तरी कागदाबाहेरचे काहीतरी घडणारच, म्हणून आम्ही तो छोटा केला आणि वर एकच गोष्ट ठळक लिहिली: काय करावे हे कळत नसेल तर ज्यामुळे त्रास होतो आहे त्याचा फोटो आई-बाबांना पाठव, शब्द नकोत. जेवणाच्या वेळांचे गजर त्याच्या फोनवर लावले. इंग्लंडमध्ये ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला, आधी नोंदणी करून ठेवली तर, लिखित संदेशही पाठवता येतो. ती नोंदणीही केली. फोटोची युक्ती पुढच्या चार-पाच रात्री उत्तम चालली.

मग ठाणे. खरे सांगायचे तर अलिबागला जाण्याची कल्पना आमची नव्हती. ऑगस्टच्या सुरुवातीला घरात पाहुण्यांची वर्दळ होती, आणि एका संध्याकाळी तो मला म्हणाला, “आई, तुम्ही दोघं कुठेतरी जा. मला घर शांत हवं आहे.” तो लहान असल्यापासून बाहेर कुठेही गेलो की आम्ही दोघे आळीपाळीने जेवत आलो, एकाने जेवायचे आणि दुसऱ्याने त्याच्यापाशी थांबायचे. त्यामुळे मोह आम्हालाही झालाच, तो मी लपवत नाही.

कॅलेंडर आधी पाहिले. ठाण्यातल्या दहीहंडीचे ध्वनिक्षेपक कसे असतात हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून ते दिवस आणि गणपतीचे दिवस सोडून तारखा धरल्या. पेण-वडखळमार्गे साधारण तीन तासांत परतता येईल, याहून लांब जायचे नाही असे ठरवले. गॅसची मुख्य कळ बंद करून इलेक्ट्रिक किटली आणि मायक्रोवेव्ह एवढ्यावरच भागवायचे ठरले. पोळी-भाजी केंद्रातून आणलेल्या पोळ्या आणि दही-भाताचे डबे फ्रिजमध्ये वारांच्या चिठ्ठ्या लावून ठेवले. वीज गेली की वायफायही जाते, म्हणून त्याच्या फोनमध्ये इथले सिमकार्ड आणि जवळ भरलेली पॉवर बँक दिली. ९९९ ऐवजी ११२ हा क्रमांक कागदावर लिहिला.

पण खरी अडचण निराळीच होती. लीड्समध्ये आमच्या घराची घंटा आठवड्यातून दोनदा वाजत असेल. नौपाड्यात ती सकाळी साडेसहापासून वाजते: दूधवाला, पेपरवाला, कचरा न्यायला येणारी बाई, इस्त्रीवाला, कुरियर, सोसायटीच्या सभेची सूचना घेऊन येणारे चिटणीस, आणि यांच्या अधूनमधून वाटीत काहीतरी झाकून आणणाऱ्या शेजारणी. ठाण्यात माणूस एकटा राहूच शकत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना यातच सुख वाटते. माझ्या मुलासाठी प्रत्येक घंटा म्हणजे अंगावर अचानक पडलेले गार पाणी आहे.

म्हणून घंटेचे बटण बंद केले. दुधासाठी कडीला कापडी पिशवी अडकवली. घरकामाच्या मावशींना तीन दिवसांची भरपगारी सुट्टी दिली, तेव्हा त्यांना पैशांपेक्षा पोराचीच चिंता अधिक वाटली. सर्वांत कठीण गेले ते आत्यांना समजावणे. माझ्या धाकट्या नणंदबाई पाचपाखाडीला राहतात, रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि त्या रात्रीच्या सोबतीला येण्याचा आग्रह धरून बसल्या होत्या. एकट्या माणसाला सोबत द्यायची, ही आपल्याकडची माया मी तरी कशी नाकारू? एकटा हा शब्दच आपण नेहमी कळवळून उच्चारतो. परंतु त्याला हवी असलेली सोबत वेगळी आहे: कोणीतरी जवळपास असावे, त्याच्याकडे किल्ली असावी आणि त्याने बोलावल्याशिवाय येऊ नये. आत्यांना हे पटायला दोन दिवस लागले. शेवटी त्या म्हणाल्या, “बरं वहिनी, मी फोन उशाशी घेऊन झोपते.” तीनही रात्री त्यांनी तसेच केले आणि एकदाही जिना चढल्या नाहीत. त्यांच्या स्वभावाला ते किती जड गेले असेल, हे मी जाणते.

पहिली रात्र निर्विघ्न गेली, म्हणजे त्याची. मी कौलांवरचा पाऊस ऐकत जागीच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात मुसळधार पाऊस झाला आणि वीज गेली. त्याचा फोटो आला: थांबलेला पंखा. खिडकीतून समोरच्या इमारती पाहायला सांगितल्यावर उत्तर आले, “सगळ्यांचे गेले.” त्याला तेवढे पुरले. दोष आपल्या घरात नाही हे कळल्यावर तो शांतपणे वाट पाहू शकतो.

अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला, आतल्या खोलीच्या बंद दाराचा. समोरच्या काकू मेणबत्ती घेऊन आल्या होत्या. घंटा लागत नाही म्हणून त्या दार ठोठावत होत्या, उत्तर येत नाही म्हणून जोरात ठोठावत होत्या, आणि त्याला काही झाले तर नाही ना या भीतीने मोठमोठ्याने हाका मारत होत्या. मी लगेच काकूंना फोन केला. त्या घाबरलेल्या होत्या आणि दुखावल्याही होत्या. “अगं, लहानपणापासून बघतेय मी त्याला, मला परकी समजतो का तो?” चूक आमची होती. ज्यांच्यासाठी दार उघडायचे त्या नावांत काकूंचे नाव आम्ही लिहिलेच नव्हते. त्या रोजच्याच म्हणून आमच्या ध्यानातही आले नाही. त्याने कागदावर होते तेच अचूक पाळले होते.

मी त्यांना दाराखालून एक चिठ्ठी सरकवायला सुचवले. त्यांनी पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर लिहिले, “बाळा, बरा आहेस ना? मेणबत्ती हवी का?” काही मिनिटांनी तीच चिठ्ठी बाहेर आली: “मी बरा आहे. मेणबत्ती नको, बॅटरी आहे. तुमच्याकडे मेणबत्ती आहे का?” काकू फोनवर रडू लागल्या. त्यानंतर आम्ही परत येईपर्यंत रोज दोन-तीन चिठ्ठ्या त्या दाराखालून गेल्या आणि आल्या. अठरा वर्षांत त्या दोघांचे एवढे बोलणे कधी झाले नव्हते.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण दोन ओळखीच्या आयांनी मला फोन करून विचारले. ज्या मुलाला फिट्स येतात, आणि ऑटिझमबरोबर अपस्मार बऱ्याच जणांत आढळतो, किंवा जो न सांगता घराबाहेर निघून जातो, स्वतःला इजा करून घेतो, त्याच्या बाबतीत आम्ही असे केले नसते. आमच्या मुलाला जे जमले ते तुमच्या मुलाला जमावेच असा अर्थ कृपया काढू नका, आणि तीन वर्षांची तयारी वगळून नुसते चार दिवस उचलू नका. त्या दोघींच्या प्रश्नामागे खरा प्रश्न दुसराच होता: आमच्या पश्चात याचे काय? भारतात त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर, गरज असेल तर, जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. तो मार्ग त्यांनी जरूर पाहावा. मात्र पालकत्वाचा कागद हातात आला तरी वीज गेल्यावर काय करायचे, हे मुलाला वेगळे शिकवावेच लागते.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने सूचनांचा कागद पुढच्या वर्षासाठी नव्याने लिहून फ्रिजवर लावला. ज्यांना दार उघडायचे त्यांत बाबा, आई आणि आत्या ही तीनच नावे होती. खाली रेघ मारून त्याने एक नवा रकाना केला होता. त्याच्यावर लिहिले होते, “दार नाही, चिठ्ठी,” आणि त्याखाली समोरच्या काकूंचे नाव.